उचल-प्रणाली निवड समिती

ट्रॉलीच्या तळाच्या मागच्या काठावर, जमिनीपासून साडेतीन फूट उंचीवर, वीतभर लांबीचा एक पट्टा आरशासारखा चकचकीत झाला होता. बाकी सगळ्या ट्रॉलीला गंज. एकाच जागी रोज दोन वेळा फावड्याचं पातं घासत राहिलं, तर लोखंडावर असा पट्टा पडायला साधारण तीन वर्षं लागतात. वडाखाजन पंचायतीच्या उचल-प्रणाली निवड समितीलाही तीन वर्षंच झाली होती.

पंचायतीने कचऱ्यासाठी ट्रॅक्टर घेतला, मागे जोडायला ट्रॉली घेतली. ट्रॉली तिरपी करून कचरा खाली ओतणारा जॅक तेवढा घ्यायचा राहिला. निधी मंजूर होता. अडचण अशी, की जॅकचे तीन प्रकार मिळत होते: मधोमध एक, दोन बाजूंना दोन, किंवा कात्रीसारख्या उघडणाऱ्या दांड्यांवर उचलणारा. दोनच प्रकार असते तर गावात भांडण झालं असतं आणि कुणीतरी जिंकलं असतं. तीन असल्यामुळे समिती झाली.

समितीचे अध्यक्ष सरपंच सगुण गावस. माणूस सज्जन. लग्नातल्या जेवणापासून गटारापर्यंत कोणताही प्रश्न समोर आला, की ते शांतपणे "बघूया" म्हणत. आपल्या दोन कारकिर्दींत त्यांनी एकही निर्णय तोंडाने उच्चारला नव्हता, त्यामुळे त्यांचा एकही निर्णय चुकला नव्हता. या विक्रमाचा त्यांना मनातून अभिमान होता.

पहिल्या दोन बैठका इतिवृत्त मराठीत लिहावं की कोंकणीत, यावर झाल्या. दोन्ही बाजूंनी भाषणं झाली, एक पंच रडला. तोडगा म्हणून इतिवृत्त इंग्रजीत लिहायचं ठरलं, आणि त्यानंतर ते कोणीच वाचलं नाही. तिसरी बैठक म्हणजे डिचोलीचा अभ्यासदौरा. तिथे खाणीच्या मालाचा एक ट्रक जॅकने तिरपा होऊन रिकामा होताना समितीने प्रत्यक्ष पाहिला. अहवालात या घटनेला एक ओळ मिळाली, दुपारच्या जेवणातल्या शिंपल्यांच्या हुमणाला अकरा.

या काळात ट्रॉली रिकामी होत नव्हती असं नाही. ती मंजुळा रिकामी करत असे. बेळगावकडून नवऱ्याबरोबर बांधकामावर आलेली मंजुळा पुढे पंचायतीच्या कामाला लागली होती. सकाळी एक खेप, दुपारी एक. मागची फळी पाडायची, ट्रॉलीत चढायचं आणि फावड्याने गावाचा कचरा खाली लोटायचा.

मार्चमध्ये ती सरपंचांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"सायेब, उजवा खांदा वर जाईना बगा. माझी वेणी पोरगी घालायलीय. पेडण्याचा डाक्टर म्हणतोय, फावडं सोड, न्हाईतर हात कायमचा जाईल."

"अगे, जॅक येतलो मगे. प्रक्रिया सुरू आसा."

"कवा येणार?"

"बघूया," सरपंच म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणून त्यांनी तिची तक्रार समितीकडे पाठवली, म्हणजे डाव्या ट्रेमधून उजव्या ट्रेमध्ये ठेवली.

तक्रारीची दखल घेतली गेली. तीन प्रकारांच्या तौलनिक तक्त्यात सचिवांनी चौथा रकाना आखला: 'विद्यमान व्यवस्था'. तेलाची गरज: नाही. सुटे भाग: नाहीत. गळती: नाही. आवाज: अल्प, क्वचित तक्रार स्वरूपाचा. उतरवण्यास लागणारा वेळ: दोन तास, परंतु पंचायतीचा नव्हे. गुण मोजले तेव्हा चौथा रकाना पहिला आला.

"सगुणबाब, बायलमाणसाक मशिनीच्या रकान्यात घालतत?" समितीतल्या एकमेव स्त्री पंच सुलोचना उसळल्या.

"तिचो मान वाढलो न्हय?" सरपंच म्हणाले.

पण सुलोचनांनी सही करायचं नाकारलं. तीन प्रकार, एक मंजुळा आणि एक न झालेली सही, एवढा गुंता माणसांच्या हाताबाहेरचा होता. तेव्हा गावाच्या रिवाजाप्रमाणे देवाचा कौल घ्यायचं ठरलं. सरपंचांचा चेहरा उजळला. देवाने ठरवलं तर आपल्याला ठरवायला नको.

सोमवारी सगळा गाव देवळात जमला. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सचिवांनी तिन्ही कंपन्यांची माहितीपत्रकं देवापुढे ठेवली. वारा नको म्हणून पंखा बंद केला. गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं, आणि प्रत्येक वाक्याला गाव लहानपणापासून म्हणत आला तसा एका सुरात म्हणू लागला.

"बा देवा म्हाराजा, तीन टन क्षमतेची ही ट्रॉली..."

"होय म्हाराजा!"

"पंचेचाळीस अंशात उचलूक व्हयी..."

"होय म्हाराजा!"

"तिका मधोमध एकच जॅक घालूचो, असो तुझो हुकूम आसा तर उजवो कौल दी, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

पाकळी हलली नाही. दोन जॅकांना हलली नाही. कात्रीला हलली नाही. तास गेला. घामाने लोक निथळले.

"देव विचारात आसा," गुरव म्हणाला.

"बघ," सरपंच सुलोचनांच्या कानाशी पुटपुटले, "देवाक सुद्धा वेळ लागता. आणि तुम्ही माका नावां ठेवतत."

त्यांना पुढच्या सोमवारचे वेध लागले होते. तेवढ्यात पायऱ्यांशी बसलेली मंजुळा उठली.

"गुरवकाका, मला बी एक गाऱ्हाणं घालायचंय. चालतंय न्हवं?"

"घाल गे. देवाक परकी कोण नाय."

तिने पदर डोक्यावर घेतला. हात जोडले, उजवा छातीपर्यंतच आला.

"बा देवा म्हाराजा, रोज दोन ट्रॉल्या कचरा निघतोय."

"होय म्हाराजा!"

"त्यो माझ्या एकटीचा न्हाई, समद्या गावाचा हाय."

"होय म्हाराजा!"

"तर जॅक येईपतुर ज्याचा कचरा त्यानं उतरायचा, दिवसाला एक घर."

"होय म्हाराजा!"

"आणि उद्या सरपंचांच्या घरापास्नं सुरू."

"होय म्हाराजा!" सगळ्यांत खणखणीत आवाज सरपंचांचा होता. सवय ती सवय.

उजवी पाकळी पडली.

सचिवांनी पंख्याचं बटण तपासलं. बंद होतं.

देवापुढे दिलेला होकार परत घेता येतो का, असं दोघा-तिघांनी गुरवाला हळूच विचारलं. येतो, गुरव म्हणाला, पण त्यासाठीही कौल लागतो. पाकळ्या लावायला कोणी पुढे झालं नाही.

मंगळवारी सकाळी सरपंच सगुण गावस पांढरा सदरा काढून, बनियनवर, ट्रॉलीत चढले. सुलोचना घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या. गाव नाकाला रुमाल लावून अंतरावरून पाहत होता. आपण तरी कुठे जवळ गेलो असतो. पहिल्या फावड्याबरोबर काल रात्रीची माशांची आतडी, परवाचं डायपर आणि फुटलेली बाटली एकाच पिशवीतून बाहेर पडली. ओला आणि सुका वेगळा ठेवा, हा फलक सरपंचांनी स्वतःच लावला होता. पिशवी शेजारच्या शिक्षकांची होती. दुसरी पिशवी सरपंचांच्याच घरची होती, आणि तिच्यातला प्रकार काही वेगळा नव्हता. चौथ्या मिनिटाला त्यांनी कंबर धरली. आठव्या मिनिटाला ते कचऱ्यात बसले. ट्रॉलीचा विसावा हिस्सा रिकामा झाला होता.

अकराव्या मिनिटाला त्यांनी फावडं टाकलं आणि सचिवांना हाक मारली. सचिव फाईल घेऊन, रुमाल न काढता, जवळ आले. तीन वर्षं कोरा राहिलेला 'निर्णय' हा रकाना उघडला, पेनाचं टोपण काढलं.

"बोला सरपंच. एक, दोन, की कात्री?"

मंजुळा रस्त्याच्या कडेला डावा हात कमरेवर ठेवून ऐकत होती. सगळा गाव ऐकत होता.

"एक, दोन, कात्री, खंयचोय चलात," सगुण गावस मोठ्याने म्हणाले, "पण आजच!"