दिघेसरांची संक्रांत

उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या गल्लीत पहिलं केबल दिघेसरांनी घेतलं, आणि गल्लीला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. सर फक्त परदेशी बातम्या लावायचे. त्याही आवाज बंद करून, पडद्यापासून वीतभर अंतरावर स्टूल टाकून. समोरच्या जोशीकाकू मालिका बघायच्या आशेनं भज्यांची थाळी घेऊन गेल्या आणि तासभर मुके रणगाडे बघून परत आल्या. "भजी तेवढी संपवली मेल्यानं," म्हणाल्या. "आवाज लावा म्हटलं, तर म्हणे आवाजानं चेहरे नीट दिसत नाहीत!"

सर आफ्रिकेत, इथिओपियात, बरीच वर्षं गणित शिकवून परतले होते. लग्न केलेलं नव्हतं. उंच, वाकलेले, उन्हाळ्यातही स्वेटर. निराशा हा त्यांचा स्थायीभावच. टावर चौकात भाजी घेतानाही म्हणायचे, "भैया, फायदा तो कुछ नहीं, पर आधा किलो भिंडी दे दो." माझ्या नणंदेच्या लग्नात नवऱ्यामुलाचा हात हातात घेऊन म्हणाले, "फायदा काही नाही, पण अभिनंदन." नवरामुलगा इंदूरचा. त्याला वाटलं, उज्जैनच्या मराठी लोकांची अशीच रीत असेल.

पण खरी मजा संक्रांतीला. त्या दिवशी सर पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचे आणि मागच्या दारानं आत येऊन बसायचे. तिळगूळ द्यायला पोरं आली की आतून खोकला ऐकू यायचा. पोरं ओरडायची, "सर, आप अंदर हो!" आतून उत्तर यायचं, "नहीं हूँ!"

एका संक्रांतीला दुपार झाली तरी दुधाची पिशवी त्यांच्या पायरीवर तशीच होती. मला धास्ती वाटली. हळदीकुंकवाची तयारी टाकून, हातात होती ती तिळगुळाची वाटी घेऊन मी मागच्या दारानं आत गेले. सर लोखंडी तव्यावर कॉफीच्या बिया भाजत बसले होते. घरभर धूर.

"या वहिनी. ती वाटी तेवढी झाका."

मी पदराखाली घेतली. त्यांनी मला बिनदुधाची कडू कॉफी दिली. ती संपते तोच पुन्हा ओतली.

"तिकडे तीनदा घेतात. मध्येच उठलं तर अपमान समजतात."

आता अडकलेच होते, म्हणून विचारलं, "सर, तिळगुळावर एवढा राग का?"

ते तवा खरवडायला लागले.

"तिकडे तीळ पुष्कळ," म्हणाले. "गूळ मिळेना. साखरेच्या पाकात लाडू केले. दगडासारखे झाले. माझा वर्ग म्हणजे सोळा-सतरा वर्षांची पोरं. फळ्यावर मराठीत लिहिलं, तिळगूळ घ्या, गोड बोला. सगळ्यांनी पाठ केलं. 'गोद बोला' म्हणायची. दोन पोरं रोज एकमेकांची डोकी फोडायची, ती लाडू खाऊन माझ्याकडे आली. विचारतात, सर, फक्त आज भांडायचं नाही की वर्षभर? मी म्हटलं, वर्षभर."

"मग?"

"नाही भांडली हो! आपण जन्मभर खातो आणि भांडतो. त्यांना खरंच वाटलं."

वर गच्चीवर पोरांनी कुणाचा तरी पतंग कापला आणि 'काटा है!' म्हणून ओरडली. सर दचकले, उठून खिडकी लावून आले.

"देशात लढाई चालली होती. महिन्याभरात मोठी पोरं सैन्यात न्यायला लागले. सकाळी हजेरी घेतली की मागचे बाक रिकामे. समोरून लढणारीसुद्धा त्याच देशाची, त्याच वयाची. मग माझं कंत्राट संपलं, मी आलो निघून. कोण वाचलं, कोण गेलं, मला इथं काय कळणार? म्हणून हे केबल घेतलं. गर्दीत एखादा दिसेल. तोही गाढवपणा. असतील तर आता तिशीला आली असतील, दाढ्यामिशा आल्या असतील. मी बसतो सोळा वर्षांचे चेहरे शोधत."

माझ्या कपातली कॉफी गार झाली होती. त्यांनी ती घेतली, मोरीत ओतली आणि गरम दिली.

"तेस्फाये म्हणून एक होता," मोरीकडे वळून स्वतःचा कप विसळत म्हणाले. "त्या भांडणाऱ्या दोघांतला. लढाईवर जायच्या आदल्या दिवशी माझ्या घरी आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, सर, समोरच्यानं तिळगूळ खाल्ला असेल का?"

"अगंबाई."

"मी गणिताचा मास्तर. मला काय उत्तर येणार? उरलेल्या लाडवांचा डबा होता, तो त्याच्या हातात दिला. म्हटलं, नसेल खाल्ला तर तू दे."

सर वळले. हातात ओला कप तसाच.

"बंदूक रोखून उभा असलेल्याला लाडू द्यायचा! दुसरा कुणी असता तर वाटेत खाऊन डबा फेकला असता, सुटला असता. पण हा दिल्याशिवाय राहिला नसेल, वहिनी. मी सांगितलेलं सगळं करायचा तो."