पट्टेरी चड्डीची नोंद

"जीव गेला तरी जागा सांगणार नाही," असं विमावाल्यांनी आरशासमोर उभं राहून स्वतःलाच बजावलं. कारणही तसंच होतं. त्यांच्या आठव्या मजल्यावरच्या गॅलरीत, बायकोच्या रिकाम्या कुंडीत, चक्क ससाण्याच्या मादीनं अंडी घातली होती. शहरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपचा नियम होता, की घरट्याचा फोटो टाकायचा, पण जागा सांगायची नाही. माणसं गर्दी करतात, पक्षी बिथरतो आणि अंडी सोडून निघून जातो. आजवर विमावाल्यांना ग्रुपवर कोणी हिंग लावूनही विचारलं नव्हतं. आता सगळे विचारणार होते आणि हे सांगणार नव्हते. नुसत्या कल्पनेनंच त्यांना गुदगुल्या होत होत्या.

फोटो पडला आणि ग्रुप खडबडून जागा झाला. कुठे, कुठे म्हणून सगळ्यांनी भंडावून सोडलं. विमावाले ढिम्म. मग ग्रुपचे प्रमुख, म्हणजे दातांचे डॉक्टर, यांनी फोटो मोठा करून पाहिला. "मागे दोरीवर काय आहे?"

मागे दोरीवर विमावाल्यांची चड्डी होती.

ही सगळी माणसं पंखावरच्या एका ठिपक्यावरून पक्षी ओळखणारी. त्यांनी लगेच वर्णन सुरू केलं. "निळे-पिवळे पट्टे, कडा विटक्या." "डावीकडे ठिगळ. प्रौढ असावी." निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तर तिचं रंगीत चित्रच काढून टाकलं. रविवारी सकाळी प्रत्येकानं आपापल्या भागातल्या गॅलऱ्या दुर्बिणीतून पाहायच्या, असं ठरलं.

दुसरा कोणी चड्डी कपाटात कोंबून मोकळा झाला असता. विमावाल्यांनी ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मेहुण्याकडे नेली.

"गॅलरीत वाळत घाल आणि काही विचारू नकोस."

"भावोजी, तुमच्याकडे दोरी नाही का?"

"विचारू नकोस म्हटलं ना."

घरी बायकोनं कपाळाला हात लावला. "माझ्या माहेरी तुमची चड्डी टांगून आलात? वहिनी काय म्हणेल?"

"पक्ष्यासाठी केलंय."

"तो तरी घालतो का असलं काही?"

रविवारी ग्रुपवर संदेश आला, "दिसली. चड्डी नक्की तीच." सगळा ग्रुप तिकडे धावला. विमावाले दाराआडून मादीकडे बघत निवांत चहा पीत होते. "बस बाई," ते हळूच म्हणाले, "तुझ्या पिसालाही धक्का लागणार नाही." तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला.

"भावोजी, खाली दुर्बिणी घेऊन फौज उभी आहे. सगळे आमच्या बेडरूमकडे बघताहेत. शेजारी पोलिसांना बोलवायला निघालेत."

"तू तोंड उघडू नकोस."

"मी नाही उघडलं. पण ताईनं हिला फोनवर सगळं सांगितलं होतं. ही खाली जाऊन आली. म्हणाली, पक्षी माझ्या नणंदेच्या गॅलरीत आहे, आणि चड्डीही त्यांच्याच घरची. पत्ता लिहून दिला सगळ्यांना."

दारावरची बेल वाजली तेव्हा जिना गच्च भरला होता. विमावाले दोन्ही हात पसरून दारात आडवे उभे राहिले. "पाया पडतो, परत जा. ती अंडी सोडून जाईल."

"हळू बोला," डॉक्टर कुजबुजले. "नियम आम्हीच केलाय. पिल्लं उडेपर्यंत तुमच्या दारात कोणी पाऊल टाकणार नाही."

विमावाल्यांचा जीव भांड्यात पडला. "मग एवढ्या लांब कशाला आलात?"

डॉक्टरांनी पिशवीतून ती चड्डी काढली. वहिनींनी तिला इस्त्रीसुद्धा करून दिली होती.

"हिची नोंद अर्धवट राहिली होती. जरा धरून उभे राहता का? ठिगळ डावीकडे येऊ द्या."

आणि जिन्यातल्या सगळ्यांनी दुर्बिणी डोळ्यांना लावल्या.