दोघींचे सासरे

शेलारकाकांनी माझं नाव बदललं तेव्हा मी पस्तीस वर्षांचा होतो, दोन मुलांचा बाप होतो आणि सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून कायम झालो होतो. आम्ही खडकीत भाड्याने राहायला आलो त्याच संध्याकाळी शेजारचे हे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले.

"नाव काय?"

"वसंत."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "नापास. चेहरा भर उन्हाळ्याचा आहे. आजपासून तू दिनकर."

काकांनी तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात चेकरचं काम केलं होतं. समोर आलेला माल तपासायचा आणि पास की नापास ते सांगायचं. निवृत्तीनंतर तपासायला माणसंच उरली. "माल चांगला, लेबल चुकलं," असं म्हणत त्यांनी दूधवाल्या बाबूचा यदुनाथ केला. गल्लीतल्या टायगर नावाच्या कुत्र्याला ते शांताराम म्हणू लागले, आणि खरं सांगतो, तो पुढे भुंकायचा कमी झाला.

अशा माणसाच्या घरात सून आली. ती हिंजवडीची, कुंदा तुकाराम ढमाले. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्या मुलाने बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. पण आपल्या मुलाच्या, प्रकाशच्या खिशात काकांनी आधीच चिठ्ठी घातली होती. कुंदाची शुभांगी झाली. तिला कोणी काही विचारलं नाही. त्या काळी विचारत नसत.

प्रकाश जर्मनीत एका यंत्रांच्या कारखान्यात लागला. दोन वर्षं झाली, तरी सून इकडेच. काकू आधीच वारल्या होत्या. घरात सासरा आणि सून, दोघंच. "नवरा एका खोक्यात, बायको दुसऱ्या खोक्यात. हे पॅकिंगच चुकलंय," असं म्हणत काकांनी तिच्यासाठी तिकडच्या रहिवासी परवान्याची खटपट सुरू केली. टायपिंग अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. मी वाचलं, पुन्हा वाचलं, मग काकांना सांगितलं.

"काका, ते विचारतायत की प्रकाशच्या दोन बायकांपैकी परवाना कोणत्या बायकोला हवाय."

काकांनी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "दुसरी कोण?"

"तेच विचारतायत."

"अरे, मी तुला विचारतोय! कार्ट्याने तिकडे काही केलं का?"

दोन दिवस घरात चूल धड पेटली नाही. सून डोळे पुसत होती, काका प्रकाशला तार करायला निघत होते आणि मी त्यांना फाटकातून परत आणत होतो. तिसऱ्या दिवशी सगळे कागद जमिनीवर पसरले तेव्हा उलगडा झाला. लग्नाच्या दाखल्यावर बायको होती कुंदा तुकाराम ढमाले. पासपोर्टवर बायको होती शुभांगी प्रकाश शेलार. नाव वेगळं, मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं. तिकडच्या साहेबाचं काय चुकलं?

शिवाजीनगरला कोर्टाबाहेर बसणारे एक वकील म्हणाले, "सोपं आहे. दोघी एकच, असं प्रतिज्ञापत्र करा. मात्र दोघींना ओळखणारा साक्षीदार आणा."

"मी आहे ना," काका म्हणाले.

"आपण कुंदाला ओळखता?"

काका अडखळले. "तशी… लग्नाच्या दिवशी, अर्धा तास."

खडकीत सगळे शुभांगीला ओळखत होते, हिंजवडीत सगळे कुंदाला. दोघींना ओळखणारं माणूस सापडेना. शेवटी वकील म्हणाले, दोन्हीकडचे एकत्र आणा. काका लग्नानंतर व्याह्यांकडे एकदाही गेले नव्हते. आम्ही एसटीने हिंजवडीला गेलो.

विहीणबाई गोठ्यातून हात पुसत आल्या. काकांनी घसा साफ केला. "शुभांगीच्या कागदासाठी आलोय."

"कोन शुभांगी?"

"आमची सून."

"आमच्यात शुभांगी न्हाई. आमची कुंदा हाय." बाईंच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती माहिती होती.

काका खाटेवर बसले. बाईंनी चहा दिला आणि आपणहून सांगत राहिल्या: कुंदा चौथीत पहिली आली होती, तिला विंचू चावला तेव्हा ती रडली नव्हती, गाय व्यायली की ती गोठ्यात झोपायची. काका ऐकत होते. हे सगळं त्यांच्या घरात तीन वर्षं वावरत होतं आणि त्यांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. परतीच्या एसटीत ते एवढंच म्हणाले, "मी तपासलंच नाही रे, दिनकर."

आठवड्याभराने कोर्टाबाहेर कुंदाच्या वडिलांनी, तुकारामांनी अंगठा दिला, काकांनी सही केली. सही झाल्यावर त्यांनी सुनेला विचारलं, "तुला स्वतःला कोणतं नाव आवडतं?"

"आता विचारताय?" ती म्हणाली. मग त्यांचा चेहरा पाहून ती हसली.

परवाना आला. सून गेली. काकांनी नावं बदलणं सोडलं. गल्लीत नवा भाडेकरू आला तर नुसतं "बरं" म्हणून पुढे जात.

सुनेची पत्रं खडकीच्या पत्त्यावर येत. हिंजवडीला व्याह्यांच्या घरात वाचता येणारं कोणी नव्हतं, म्हणून काका महिन्यातून एकदा पत्र घेऊन एसटीने तिकडे जात. गुडघे दुखायला लागले तेव्हा एकदा मला बरोबर नेलं.

पत्र एका पानाचं, तेही निम्मं. मी शेजारी बसलो होतो, मला अक्षरं दिसत होती. थंडी फार आहे, ह्यांची कामाची पाळी बदलली, सर्वांना नमस्कार, आपली शुभांगी. काका मात्र पाव तास वाचत होते. आईच्या हातच्या भाकरीची आठवण येते. तांबडी गाय व्यायली का, ते कळवा. इथे दूध मिळतं, पण त्याला चव नाही. प्रकाश मला जपतो, काळजी करू नका. तुमची कुंदा.

विहीणबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. "अजून काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

काकांनी कागद उलटला. मागची बाजू कोरी होती. त्यांनी चष्मा नीट केला आणि ते पुढे वाचू लागले.