सुगराखालाची शिट्टी

खालाची शिट्टी वाजली, की हातातलं काम, तोंडातला शब्द आणि अंगावरचा पदर जसा असेल तसा टाकून दाराबाहेर पळायचं. मग तुम्ही काजाला टाके घालत असा नाहीतर शेजारणीची चहाडी करत असा. शिट्टीला वेळकाळ नसे. खाला उंबऱ्याबाहेर उभी राहून मोठ्यानं आकडे मोजायची आणि शेवटची बाई बाहेर पडली, की तो आकडा फळ्यावर खडूनं लिहायची. आमच्या वर्गाचा आकडा दहा होता. माझ्या एकटीमुळं तो अठरावर जायचा.

हा वर्ग म्हणजे आमच्या नव्या गावातला संध्याकाळचा शिवणवर्ग. भूकंपानंतर औशाच्या बाजूला आमचं गाव नव्यानं वसवलं. सगळी घरं एका साच्यातली, एका रांगेतली. पहिल्या वर्षी निम्मे जावई भलत्याच घरात जाऊन पाय धुवायला पाणी मागायचे. मग एक संस्था आली. तिनं समाजमंदिरात दहा मशिनी मांडल्या, बायकांना सक्षम व्हा म्हणून सांगितलं, फोटो काढले आणि गेली. मशिनी राहिल्या आणि त्यांच्यासोबत आलेली सुगराखाला राहिली. औशात एक खोली घेऊन एकटी राहायची. रोज चारच्या बसनं यायची, सातच्या बसनं जायची.

दिसायला उंच, वाळकी. सलवार-कुडत्याखाली पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात मापाची टेप आणि टेपच्या शेजारी कंडक्टरची असते तसली शिट्टी. ओढणी वेगळी घेत नसे. ती कुडत्याच्या दोन्ही खांद्यांना टाके घालून शिवूनच टाकलेली. मी सगळ्या गावाला सांगत सुटले होते, की ह्याला म्हणतात शिंपिणीचा आळस.

वर्गात पहिला अर्धा तास शिवण नसायचंच. उठबशा, जागच्या जागी धावणं, पाण्यानं भरलेली घागर उचलून ठेवणं. मशीन हातानं चालत नाही, मांड्यांनी चालते, असं तिचं म्हणणं. सत्तरीच्या म्हाताऱ्या नऊवारीचा काष्टा मारून उठबशा काढायच्या आणि रस्त्यावरची गडीमाणसं उगाच तिथूनच तंबाखू आणायला जायची. कुणी पळताना पदर सावरायला थांबली, की खालाचं ठरलेलं वाक्य यायचं, "पैले पाँव, बाद में पदर." तिला दुसरी कुठली म्हण येत असेल असं मला वाटत नव्हतं.

आता माझ्याबद्दल सांगते. मी त्या वेळी पस्तिशीची होते आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याजवळ होती. लातूरची लेक. लग्नाआधी कॉलेजचं एक वर्ष केलं होतं, त्या एका वर्षावर मी पुढची तीस वर्षं काढली. खाला मला नावानं हाक मारायचीच नाही, 'कालेजवाली' म्हणायची. भूकंप झाला तेव्हा मी गणपतीला म्हणून लातूरला माहेरी होते. त्यामुळं भूकंपातलं सगळं मला ठाऊक होतं. गावातली माणसं त्यावर बोलत नसत. कुणाचं कोण गेलं हे कुणी कुणाला विचारायचं नाही, असा न सांगता ठरलेला नेम होता. सासूबाईंचा पाय भिंतीखाली सापडून अधू झाला होता, पण त्यासुद्धा 'पाय दुखून राहिलाय' याच्या पुढं कधी गेल्या नाहीत. मीच तेवढी बोलायची.

शिवणात माझी प्रगती सांगण्यासारखी आहे. माझ्या पहिल्या झंपरचं बगलेतलं माप असं काही चुकलं, की तो घातल्यावर हात खाली येईनात. दिवसभर मी गावाला आशीर्वाद देत फिरले. खालानं तो झंपर उसवला, परत बेतला आणि एवढंच म्हणाली, की कालेजात हात वर करायलाच शिकवतात वाटतं.

तरीही मी सहन केलं असतं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं माझी अब्रूच काढली. लातूरहून माझ्या दोन वहिन्या आल्या होत्या. सरपंचांच्या घरच्या, म्हणजे आमच्या सरपंचबाई होत्या. चांदीची गुलाबदाणी मी मुद्दाम माहेराहून मागवली होती. खाला आली, नेहमीसारखी चपला-बुटांच्या ढिगाशी दाराकडं तोंड करून बसली. घरात बाया दाटीवाटीनं बसलेल्या. तिनं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा बायांकडं पाहिलं आणि शिट्टी फुंकली. एका दमात सगळं हळदीकुंकू अंगणात. कुणाच्या हातात तिळाचा लाडू, कुणाच्या कपाळावर अर्धं कुंकू. सरपंचबाई तर तुळशीला वळसा घालून उभ्या. घरात उरलो मी, माझ्या दोन वहिन्या आणि गुलाबदाणी. धाकट्या वहिनीनं मला हळूच विचारलं, "ताई, तुमच्याकडं वाण बाहेर देतात का?"

आणि आमच्या सासूबाई, अधू पायाच्या, सगळ्यांच्या आधी बाहेर पोचल्या होत्या. तिथूनच मला म्हणाल्या, "सुनबाई, लई शिकलीस, पन पळाया न्हाई शिकलीस."

त्या दिवशी मी ठरवलं, की खालाचा वर्ग बंद करायचा.

कारण शोधावं लागलं नाही. तेव्हा लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं. बघावं तिथं सरांचे फोटो, त्याखाली डॉक्टर झालेली पोरं. आमचे चिरंजीव आठवीत होते आणि त्यांना स्वतःला कळायच्या आधी मला कळलं होतं, की ते डॉक्टर होणार. (झाले नाहीत. बियाण्याचं दुकान आहे आणि झोप चांगली लागते.) लातूरचे एक सर आमच्या गावात शाखा काढायला तयार होते. त्यांना संध्याकाळी समाजमंदिर हवं होतं आणि दाराला आतून कडी हवी होती. त्यांच्याकडं सहाला दार बंद म्हणजे बंद, सहा वाजून एक मिनिटानं आलेला पोरगा बाहेर. हीच लातूरची शिस्त, असं ते म्हणाले आणि मला ते ऐकून भरून आलं.

समाजमंदिराला कडी नव्हती. म्हणजे मूळची होती, ती खालानं पहिल्याच आठवड्यात पेचकसानं काढून नेली होती.

मी अर्ज लिहिला. भाषा माझी. शिवणवर्गात महिला बिनपदराच्या पळतात, त्यामुळं गावाची शोभा जाते, सबब सदर जागा शैक्षणिक कार्यास मिळावी. 'सबब' आणि 'सदर' हे दोन शब्द एकाच वाक्यात बसल्यावर मला वाटलं, कॉलेजचं वर्ष कारणी लागलं. मी घरोघर सह्या घेत फिरले. दाराशी गेलं, की बाया आधी चुलीकडं बघायच्या, मग नवऱ्याकडं, मग सही करायच्या. सासूबाईंनी अंगठा दिला नाही. म्हणाल्या, शाई लागली की भाकरीला वास येतो.

शेवटी मी तो अर्ज खालाच्याच पुढं ठेवला. तिचा चेहरा पडलेला बघायची मला हौस होती. तिनं चष्मा लावून सावकाश वाचला आणि चक्क सही केली. पोरं शिकली पाहिजेत, मशिनी काय झाडाखाली मांडू, असं म्हणाली. खाली मात्र स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली, की दाराला कडी लावू नये. मी घरी येऊन ती ओळ खोडली.

हे सांगताना आज लाज वाटते. त्या वेळी मात्र मी पट्टी लावून नीट सरळ रेघ मारली होती.

ग्रामसभा समाजमंदिरातच भरली, दिवेलागणीच्या आत. मशिनी भिंतीशी सरकवलेल्या. सरांनी नवा फळा आणि नवी कडी दोन्ही आणलं होतं, कडी आमच्या ह्यांनी सकाळीच बसवली. बाहेर पोरांचा गलका चालला होता म्हणून सरांनी दार लावून कडी घातली. मागं बसलेली खाला उठली आणि कडी काढून आली. सरांनी परत घातली. तिनं परत काढली आणि या वेळी उंबऱ्यावरच बसली, पाठ चौकटीला लावून, एक बूट आत, एक बूट बाहेर. सर सरपंचांकडं पाहून हसले. सभाही हसली. मी सगळ्यांत जास्त हसले.

मग मी अर्ज वाचायला उभी राहिले. समोर सासरे, दोन दीर, सगळं गाव. डोक्यावर पदर, हातात कागद, आवाज गोड. 'सबब'पर्यंत आले आणि जमिनीखालून कुणीतरी लोखंडी पिंपं लोटत न्यावीत तसा आवाज आला.

ते धक्के पुढं कैक वर्षं यायचे. लहानसे असत. पण लहान आहे की मोठा, हे तो संपल्यावर कळतं.

शिट्टी वाजली. खालाच्या वर्गातल्या बाया आकडा दहा व्हायच्या आत अंगणात होत्या, अधू पायाच्या सासूबाईंसकट. गडीमाणसं त्यांच्या मागनं एकमेकांवर पडत निघाली. सर खिडकीतून गेले, पण ते मी कुणाला सांगत नाही. आत उरले मी. पळायला निघाले तर पदर खांद्यावरून घसरून खाली लोळायला लागलेला. सासऱ्यांसमोर, दिरांसमोर, उघड्या डोक्यानं कशी जाऊ? मी अर्ज टेबलावर ठेवला. पदर गोळा करायला लागले. मग वाटलं अर्ज उडेल, म्हणून तो परत घेतला. आजही मला हे नीट आठवतं, की त्या वेळी मी अजिबात घाबरले नव्हते. एवढी मूर्ख बाई घाबरत नसते.

माझं मनगट कुणीतरी धरलं. खाला आत आली होती. शिट्टी वाजल्यावर काही झालं तरी माघारी यायचं नाही, हा तिचाच नेम. तिनं मला अशी ओढली, की दोन बांगड्या तिथंच फुटल्या. आम्ही उंबरा ओलांडला आणि मागं सरांचा नवा फळा धाडकन पडला. बस, तेवढंच. धक्का गेला. भिंतीला साधी चीर नाही. अंगणात लोक हसायला लागले, भीती सरल्यावर हसतात तसे.

खाला हसत नव्हती. माझं मनगट सोडत नव्हती. आकडे तेवढे मोजत होती, पुटपुटत, वीसच्याही पुढं गेली होती. मी म्हटलं, खाला, आले की मी बाहेर. तेव्हा थांबली.

"माजे ते भी असेच आले माघारी, त्या राती," ती म्हणाली. "अंगणात पोचले होते. मी आत ओढनी हुडकून राहिलते, म्हनून माज्यासाठी आले."

एवढंच. पुढचं तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला कळत नव्हतं कुठं बघावं, म्हणून मी तिच्या खांद्याकडं पाहिलं. ओढणीचे टाके बारीक होते, दुहेरी, हातानं घातलेले. आळशी बाईचे टाके तसे नसतात.

सरपंच लांबून विचारत होते, अर्ज पुढं वाचायचा का. आवाज माझाच, पण गोड नव्हता. मी म्हटलं, क्लास सकाळी घ्या, संध्याकाळ खालाची, आणि ती कडी आत्ताच काढा. आमचे हे पेचकस आणायला गेले. मी खोडलेल्या ओळीचं नंतर कधी खालाला सांगितलं नाही. तिला ठाऊक असावं. रेघ तशी चांगलीच सरळ होती.

माझा पदर अजून मातीत लोळत होता आणि सगळं गाव बघत होतं. खालानं वाकून तो उचलला, दोनदा झटकला, माझ्या डोक्यावर नीट घातला आणि कानामागं खोचून दिला, लहान पोरीला करतात तसा.

"आता घे," म्हणाली.