चांदीचा गोंद

समोरच्या हरिदासच्या दुकानापुढे तिसरी मोटारसायकल थांबली, तेव्हा इस्तारीच्या हातातलं तापलेलं सोल्डर त्याच्याच अंगठ्यावर पडलं. रानडुकरांपासून धान राखणाऱ्या तारेला करंट देणारं झटका मशीन मूल गावात वीस वर्षं इस्तारीनेच दुरुस्त करावं, असा रिवाज होता. आता हरिदासने चांदीचा गोंद आणला होता. ना धूर, ना चटका. सर्किट तुटलेल्या जागी थेंब लावला की वीज त्या गोंदातूनच जाते म्हणे.

“गोंदातून वीज! उद्या म्हनन, शिऱ्यातून नेतो.”

“मंग तुमी काऊन जळून राह्यले?” बायको वच्छलाने विचारलं.

“मी कुठी जळलो? अंगठा जळला.”

दुपारी मात्र गोंदाच्या आशेने त्याने तिला झिंग्यांच्या भाजीची वाटी देऊन हरिदासकडे धाडलं. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. परतलेल्या वाटीत गोंदाची छोटी पिचकारी आली, सोबत निरोप: ‘टाचणीच्या टोकाएवढाच लावा. बाजूला सांडू देऊ नका.’ हा मोठेपणा इस्तारीला झिंग्यांच्या काट्यापेक्षा जास्त टोचला.

“मले शिकवते! माझ्याच दुकानात स्क्रू वेचत होता थो!”

टेबलावर लच्छू शेतकऱ्याचं बिघडलेलं मशीन होतं. लच्छू जिकडे जाईल तिकडे त्याचं अख्खं गाव जाई. म्हणजे हे मशीन गेलं, की दुकानच गेलं. इस्तारीने तुटलेल्या जागी खीर वाढावी तसा गोंद वाढला. उरलेल्यातून मशीनच्या पेटीची फुटकी कडही चिकटवून टाकली. गोंद तो गोंद!

संध्याकाळी लच्छू आला. इस्तारीने बॅटरी जोडली, लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा पेटीच्या चिकटवलेल्या कडेवर हात ठेवला आणि बटण दाबलं.

पुढच्या क्षणी तो काउंटरच्या पलीकडे, लच्छूच्या पायाशी होता. मधला काउंटर त्याने कसा ओलांडला, ते कोणालाच दिसलं नाही.

हरिदास धावत आला. “इस्तारीभाऊ, लागलं का?”

“नाई. टेस्टिंग करून राह्यलो,” इस्तारी बसल्या जागेवरून म्हणाला. दात अजून वाजत होते.

लच्छूचे डोळे विस्फारले होते. “याले म्हनते मशीन! हरिदासभाऊ, तुमच्या तारेले डुक्कर पाठ घासते. इथी त मिस्त्रीच उडाला! उद्या गावातल्या साऱ्या पेट्या इकडंच आनतो.”

“हे आज ठेवून जा,” इस्तारी घाईने म्हणाला. “फिनिशिंग बाकी हाये.”

त्या दिवशी हरिदासचं शटर लवकर पडलं.

सकाळी त्याची बायको रंजीता लाखोरीच्या डाळीच्या वड्यांची वाटी घेऊन दारात उभी.

“भाऊजी, त्यायनं विचारलं, तुमी कोनता गोंद लावता म्हून.”

इस्तारीने एक वडा डाव्या हाताने उचलला.

“गोंद त त्याचाच हाये, बाई. पन लावाले हात पाह्यजे.”

उजवा हात अजून थरथरत होता. तो खिशात होता.