सुर्वेकाकांची निळी बाटली

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले सुर्वेकाका पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा चहा यायच्या आधीच त्यांनी टेबलावरची कोकम सरबताची बाटली उचलली आणि बूड बघायला सरळ उलटी केली. झाकण नीट लागलेलं नव्हतं. बायकोच्या नव्या टेबलक्लॉथवर लालभडक तळं साचलं. काका बाटली डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "छे! देशी आहे." जणू चूक आमचीच होती.

तेव्हा नेरूळ नवीन होतं, सोसायटी नवीन होती आणि शेजारी कसे निघतात याची धाकधूक होती. ते हे असे निघाले. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीतून रिटायर झालेले, बिनलग्नाचे, मूळ रत्नागिरीकडचे. घरात माणूस एक आणि बाटल्या ढीगभर. कपाटात बाटल्या, खिडकीत बाटल्या, देव्हाऱ्याशेजारीसुद्धा बाटल्या. त्या सगळ्या जुन्या अमेरिकन निघाव्यात अशी त्यांची इच्छा, पण बहुतेक निघत नसत. सोसायटीत आधी भलत्याच बाटल्यांची कुजबुज झाली. पण साध्या सोड्यानेही ज्याला ठसका लागतो, त्याच्यावर तो आळ टिकणार कसा?

"आधी शिवण बघा हो, शिवण!" हे त्यांचं पालुपद. साच्याची जी उभी रेघ बाटलीच्या अंगावर उमटते, तिला ते शिवण म्हणत. रेघ गळ्याशीच थांबली तर बाटलीचा ओठ हातानं केलेला, म्हणजे बाटली जुनी. ओठावरून पार गेली तर मशीनची. मग बुडावरचा शिक्का आणि आकडे बघून कारखाना ठरवायचा. फोर्टच्या फुटपाथवरून आणलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडून ते मला हे समजावत आणि मी समजल्यासारखी मान हलवत असे. अरुंद तोंडाच्या बाटलीत मूठभर तांदूळ आणि पाणी घालून ते ती खळखळवत बसायचे. पलीकडून तो आवाज आला की बायको म्हणायची, "बसले बघा आंघोळ घालायला."

हा सगळा नाद एका बाटलीपायी होता. गर्द निळी, वीतभर उंच, औषधाची. "ही अमेरिकेतल्या कुठल्या गावात विकली गेली ते कळलं की मी सुटलो," ते म्हणायचे. "बाकीच्या म्हणजे नुसता अभ्यास हो." पण बाटली काही एका गावावर ठरेना. शिक्का ओहायोच्या कारखान्याचा, अंगावरचं नाव न्यूयॉर्कच्या औषधवाल्याचं.

"मग न्यूयॉर्कच समजा ना," मी म्हणालो.

"असं कसं समजा? औषध भरलं तिथे. विकलं कुठे? मला बंदर पाहिजे, बंदर!"

बाटलीला बंदर कशाला लागतं हे मला कळेना. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "जन्म ओहायोचा, बारसं न्यूयॉर्कचं, पण सासर सापडत नाही."

"कुणाची मुलगी?" तिने विचारलं. आता आम्ही दोघंही गोंधळलो.

काकांना बाटल्या लागतात हे कळल्यावर लोक त्या आणून द्यायला लागले. भंगारवाला द्यायचा, वॉचमन द्यायचा. एका रविवारी शेजारच्या करावे गावची मासेवाली भानूबाई आमच्या मजल्यावर आली आणि तिने पाटीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "काका, तुमचेसाठी आनलीय. घरान पडली व्हती."

बाटली निळी होती. काकांनी दारातच आपली बाटली आणून शेजारी धरली. नाव तेच, शिक्का तोच.

"ही कुठली गं?" काकांचा आवाज चिरकला.

"मुंबैची. माजी सासू मासली ईकाया जायची, तवा पोटाची दवा आनलेली. तवा मुंबैन कुठंबी मिलायची."

मला तर आनंदच झाला. "काका, सुटलात! गाव सापडलं, मुंबई!"

काका दारातल्या स्टुलावर बसले. भानूबाई बावरून पुढच्या दाराकडे गेली. मी त्यांना पाणी आणून दिलं, ते तसंच हातात राहिलं.

"माझा मोठा भाऊ बोटीवर खलाशी होता," ते म्हणाले. "एकदा गेला तो परत आलाच नाही. मी शाळेत होतो. आईचं पोट दुखायचं. एका गाववाल्याच्या हाती त्यानं ही बाटली पाठवली, निरोप काही नाही. बाटलीवर न्यूयॉर्क लिहिलेलं. आई म्हणायची, अमेरिकेतल्या कुठल्या तरी बंदरात राहिला असेल, इतक्या लांबून कसा येणार? मीही तेच धरून चाललो."

इतके दिवस मी या माणसाला हसत होतो. "अहो, तिकडूनही आणली असेल की," मी म्हणालो. "औषध तिकडेही मिळतच असणार."

"असेल," ते म्हणाले. त्यांना माझं म्हणणं पटावंसं वाटत होतं, ते दिसत होतं. त्यांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या, पुन्हा पुन्हा फिरवून पाहिल्या, एखादा फरक सापडतो का ते बघितलं. सापडला नाही.

"मुंबईहून आमच्या रत्नागिरीला बोट एका रात्रीत यायची हो," ते म्हणाले. "मग आला का नाही?"