परतीच्या गेटपासवरची वर्गखोली

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला एक माणूस टेम्पो घेऊन कॉलेजात आला आणि त्याने आमची वर्गखोली परत मागितली!

त्याआधी दहाच मिनिटे मी तपासणी समितीला ठणकावत होतो, "शाश्वत विकास फळ्यावर शिकवायचा नसतो, बांधायचा असतो!" वीस वर्षे ताथवड्याच्या या आर्किटेक्चर कॉलेजात मी काचेच्या इमारतीच शिकवल्या, हे कशाला सांगा? नव्या अभ्यासक्रमाला मंजुरी मिळाली तर मी विभागप्रमुख. नाहीतर पुन्हा पहिल्या वर्षाला पेन्सिलीला टोक करायला शिकवा!

खोली सगळी टाकाऊ मालाची. चाकणच्या एका कारखान्याच्या गेटबाहेर पॅलेटांची, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटींची, चळत पडली होती. मुलांनी ती आणून सुतळीने भिंती, छप्पर, बाक बांधले. त्याच बाकावर बसून समितीच्या अध्यक्ष जयमाला मॅडमनी मंजुरीपत्रावर सही केली, आणि पत्र उडू नये म्हणून बाकाच्या फटीत खोचले.

"पॅलेट आमचे हायेत," कारखान्याचा टेम्पोवाला नवनाथ म्हणाला.

"भाऊ, हा कचरा होता!"

"कचरा? दोनला कंटेनर सुटतोय सर, अन् माल जमिनीवर पडलाय!"

त्याने कागद पुढे केला. परतीचा गेटपास: नेलेला माल सात दिवसांत परत करायचा! वॉचमनने आमच्या मुलांना सुटे भाग पुरवणारी माणसे समजून पॅलेट भरून आणायला दिले होते. खाली माझी सही. मुलांनी आणलेल्या कागदावर, नव्या अभ्यासक्रमाचा पहिला कागद म्हणून, न वाचता ऐटीत केलेली.

"सर, मी वाचा म्हटलं होतं," विद्यार्थिनी स्वरूपा पुटपुटली.

"तू नकाशे वाच!"

मग मी समितीकडे वळलो. "मॅडम, हेच तर प्रात्यक्षिक! इमारत सुटते आणि पुन्हा कामाला लागते!"

"वा! किती वेळात?"

"अर्ध्या तासात," नवनाथने परस्पर सांगितले.

एकोणीस मिनिटे लागली. समितीने उन्हात उभे राहून टाळ्या वाजवल्या. टेम्पो गेला.

"माझं पत्र?" मॅडमनी विचारले.

आम्ही सगळ्यांनी बाकाच्या जागेकडे पाहिले.

नवनाथला फोन लागला तेव्हा दोन वाजून गेले होते. "बाक ना? सगळ्यात खालच्या थरात, सर. वर चार टन माल. सील लागलंय."

साडेचारला बंदराकडे निघालेल्या कंटेनरने तळेगावचा टोलनाका ओलांडला. मॅडम म्हणतात, दुसरे पत्र देता येईल. मात्र त्यासाठी खोली पुन्हा पाहावी लागेल.